इंजिन भिंतीपलीकडे

"किक आण आणि इंजिन घेऊन जा," तात्या म्हणाले, आणि पुन्हा मोटारीच्या पोटात तांब्याची तार भरायला लागले.

मी त्यांच्या दुकानाच्या दारात उभी होते. बस म्हणाले नव्हते, पण जा असंही म्हणाले नव्हते, आणि तेवढ्या आधारावर मी तिथं उभी होते. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. त्यांचं पंपांच्या मोटारी भरायचं दुकान आणि आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वेल्डिंगचं दुकान, यांच्या मधे फक्त एक विटेची भिंत होती. आमच्याकडे ग्राइंडर लागला की त्यांच्या फळीवरचे नट-बोल्ट थरथरायचे. तरी त्या दारात यायला मला अख्खी गल्ली वळसा घालून यावं लागलं होतं, कारण मी तिसरीत असल्यापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद होतं.

"किक आमच्याकडं न्हाई, तात्या."

"मग तुझ्या अण्णाला इचार, कुठं हाय ती."

"ते म्हणत्यात तुमच्याकडं हाय."

तात्यांनी तार हातात तशीच धरून वर बघितलं. "माझ्याकडं असती तर इंजिन जाम हुऊ नये म्हणून मी दर वर्षी ते पान्यानं फिरवत बसलो असतो व्हय?"

"मी जातो मग," असं म्हणून मी निघाले. आमच्याकडच्या पोरी 'जातो', 'येतो' असंच बोलतात, आणि त्या काळात तर मी पोरींपेक्षा पोरांचीच कामं जास्त करत होते.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल की आमचं घराणंच बिनडोक. तसं ते थोडं होतंच.

आमचे आज्जा, गणू लोहार, गडहिंग्लजच्या आसपासच्या गुऱ्हाळांची आणि विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत फिरायचे. त्यांच्याकडे मरून रंगाची जावा मोटरसायकल होती, मागे हत्यारांची पेटी बांधलेली. आज्जा गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि दोन्ही मुलांनी वाटण्या करायचं ठरवलं. जमीन वाटली, घर वाटलं, भांडी वाटली, शेवटी गाडी उरली. एकानं ती घ्यावी आणि दुसऱ्यानं दुसरं काही घ्यावं, हा सरळ मार्ग होता. पण आमच्याकडे सरळ मार्गानं फक्त पाहुणे येतात. वाटणीला बसलेल्या पंचांपैकी कुणीतरी वैतागून म्हणालं, मग कापा की मधनं. आणि दोघांना ते पटलं.

अण्णा वेल्डर, म्हणून त्यांनी लोखंड घेतलं. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, चाकं, हँडल, दिवा, सीट. तात्या इंजिनवाले, त्यांनी इंजिन, कार्बोरेटर, सायलेन्सर आणि टाकी घेतली. टाकीवरून जरा वाजलं. पण इंजिनाला जी पाजते ती इंजिनाचीच, असं तात्या म्हणाले आणि ते मानलं गेलं. दुपारी अंगणात बसून दोघांनी मिळून गाडी सोडवली. मिळून केलेलं ते त्यांचं शेवटचं काम.

दिवेलागणीला तात्यांनी आपला वाटा मांडला तर त्यात किक नाही. जावाची किक म्हणजे नुसती किक नव्हे. तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते आणि खाली आणला की गिअर होतो. तो नसेल तर गाडी सुरूही होत नाही आणि पुढेही जात नाही. तात्या म्हणाले, मला इंजिन लाभू नये म्हणून दादानं लपवली. अण्णा म्हणाले, स्वतःच लपवून माझ्यावर आळ घेतोय. मग मागच्या दहा वर्षांचं सगळं निघालं, कुणी कुणाला किती वाढलं इथपर्यंत. महिन्याभरात भिंत उभी राहिली. परसात जाईपर्यंत विटा संपल्या, म्हणून तिथं ती छातीएवढीच राहिली, पण बोलणं बंद व्हायला तेवढी उंची पुरली.

तेव्हापासून दर खंडेनवमीला अण्णा हत्यारांची पूजा मांडायचे तेव्हा आढ्याला टांगलेल्या चेसीलाही झेंडूचा हार घालायचे. भिंतीपलीकडून उदबत्तीचा वास यायचा. तिकडे इंजिनाला हार पडलेला असायचा. अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन्हीकडे नैवेद्य.

मी ज्या वर्षाबद्दल सांगतेय, त्या वर्षी मी डिप्लोमा करून घरी बसले होते. नोकरीच्या अर्जांना उत्तर येत नव्हतं. मला बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, कळवतो म्हणून जायचे आणि काहीच कळवायचे नाहीत. होकार नाही, नकारही नाही. माझा पाय एका जागी ठरेना. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधलीय, अशानं पाटावर टिकायची कशी. मी अण्णांच्या दुकानात खिडक्यांच्या ग्रिल जोडायची, त्या जोडून झाल्या की परत दारात येऊन उभी राहायची. काय बघायला, ते मलाही माहीत नव्हतं.

एक दिवस अण्णा एका शाळेचं फाटक बसवायला गेले होते. मी शिडी लावली, दोर सोडला आणि चेसी खाली घेतली. का, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डोक्यावर रोज लोंबकळणारी ती वस्तू मला सहन होईना, एवढंच.

अण्णा आले. मी पॉलिश पेपरनं घासत बसले होते. ते बराच वेळ उभे राहिले, मग आत जाऊन हातपाय धुतले, जेवले. मला वाटलं आता बोलणी बसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले तर चेसीशेजारी नवा तारेचा ब्रश ठेवलेला. दुपारी, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "चेसी कर. इंजिनाचं नाव काढायचं न्हाई."

मी मान हलवली. त्याच आठवड्यात मी तात्यांच्या दारात जाऊन इंजिनाचं नाव काढलं, ते वर आलंच आहे.

काम मात्र जोरात चाललं. गंज खरवडत नेला तसा आज्जांच्या हातचा जुना रंग लागला, त्याखाली कंपनीचा, त्याखाली उघडं लोखंड. दिव्याच्या वाटीत कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला एक बारीक चीर निघाली. ती मला दिसलीच नव्हती. अण्णांनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, हितं. मग गॅसवर लाल करून त्यांनी पितळ भरलं, आणि ते वाहताना बघताना त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला, जरा लहान वाटला. चाकांच्या तारा बदलल्या. रेड ऑक्साइडवर मरून रंगाचे हात दिले आणि चेसी वाळत टांगली तेव्हा गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. एकजण म्हणाला, हिंदुराव, लेकीला घोडा करून दिलास, आता त्याला पोट बसवा की. अण्णांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चेसी पुरी झाली आणि माझी तगमग वाढली. जिथं इंजिन बसायचं त्या रिकाम्या जागेतून पलीकडची भिंत दिसायची. मी कोल्हापूरला जाऊन जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून एक किक विकत आणली आणि पुन्हा गल्ली वळसा घालून तात्यांच्या दारात गेले.

त्यांनी ती हातात घेऊन फिरवली. मग जमिनीवर ठेवली, अगदी हळू, जशी दुसऱ्याची वस्तू ठेवतात.

"बाजारात किक मिळती, हे मला म्हाईत न्हाई व्हय पदे? मी पाना घेऊन इंजिन फिरवतो ते काय मला नवी घ्यायला परवडत न्हाई म्हणून?" ते थांबले. "आमच्या बापाची किक एकदा ओढ्यात पडून वाकली हुती. त्यानं ती भट्टीत घालून सरळ केली. पर जरा भाएर राहिली, पाय ठेवला की कळायचं. ती पायजे. आणि ती कुणी घेतली, हे दादाच्या तोंडातनं ऐकायला पायजे."

घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सांग, चोराच्या उलट्या बोंबा."

मी पुन्हा गेले नाही. मला दोघांचाही इतका राग आला होता की मी परसात जाऊन त्या छातीएवढ्या भिंतीला लाथ घातली. भिंतीला काही झालं नाही. माझा अंगठा सुजला.

मग खंडेनवमी आली. अण्णांनी पहाटे दुकान झाडून काढलं, पान्हे, हातोड्या, होल्डर, सगळं धुऊन चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. चेसी या वर्षी टांगलेली नव्हती, दोन चाकांवर उभी होती. तिला हार घातला. आणि हत्यारं एकदा पूजेत गेली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बाकीच्यांना ही सुट्टी वाटते. मला ती शिक्षा होती. ज्याच्या हाताला दिवसभर पान्हा असतो त्याच्या हातातून तो काढून घेतला की हातांचं काय करायचं, तेच कळत नाही. मी दोनदा भांडी घासली, जी घासलेलीच होती. आई म्हणाली, बाई, कुठंतरी जाऊन ये.

मी नेसरीची एस. टी. धरली. नेसरीला माझी आत्या दिलेली, हौसाबाई. तिला आम्ही आत्ती म्हणतो. ती दोघा भावांहून मोठी, दोघे तिला आक्का म्हणायचे आणि दोघे तिच्यासमोर आवाज चढवायचे नाहीत. खरं तर भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं. पण आपण गेलो आणि तिथं दुसरा भेटला तर, या भीतीनं दोघेही जायचे बंद झाले होते. म्हणून दर भाऊबीजेला आत्तीच एस. टी. नं यायची, एका घरात ओवाळून जेवायची, मग वळसा घालून दुसऱ्या घरात जाऊन ओवाळायची आणि पुन्हा दोन घास खायची. मला वाटलं, हिनंच दोघांचे कान धरले तर काही होईल.

आत्तीच्या घरचीही पूजा झाली होती. सोप्यात पाटावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, खुरपी, विळी, वरवंटा, सगळं ओळीनं मांडलेलं. आत्ती पाणी आणायला आत गेली आणि मी ती ओळ बघत उभी राहिले. ओळीच्या शेवटी, कधी न शिवलेल्या एका हिरव्या खणावर, किक होती.

मी खाली बसले. पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नसतो, पण मी लावला. तेल लावून चकचकीत ठेवली होती. दांडा मधे जरासा बाहेर होता.

आत्ती तांब्या घेऊन आली, माझ्या हातात किक बघितली, आणि तांब्या खाली ठेवून माझ्यासमोर बसली.

"आत्ती, ही तुझ्याकडं कशी?"

"मी आणली," ती म्हणाली. परड्यातनं कोथिंबीर आणली, असं सांगावं तशी.

मग तिनं सांगितलं. आज्जा तिला लहानपणापासून गुऱ्हाळांवर न्यायचे. पोरगं व्हायला उशीर झाला म्हणून असेल, पण पान्हा धरायला त्यांनी तिलाच शिकवलं. जावा आली तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. गुऱ्हाळाच्या मोकळ्या रानात ती गाडी चालवायला शिकली, आणि माझे अण्णा आणि तात्या, तेव्हा शेंबडी पोरं, मागून ढकलत पळायचे. लग्न ठरलं तेव्हा ते बंद झालं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, तेव्हा तसंच असायचं, असं ती म्हणाली.

"वाटणीच्या दिशी मला सहीला बोलावलं," ती पुढे म्हणाली. "माझा हक्क न्हाई, म्हणून सही. मी दिली. मला जमीन नकोच हुती, पदे. सही झाली, जेवण झालं, दोघांनी मिळून मला हा खण दिला आणि नारळ दिला. भाएर आलो तर दोघं गाडी सोडवाय बसलेले. मी म्हटलं, मोडू नगासा. मला द्या, मी चालवत न्हेतो नेसरीला."

"मग?"

"हसले दोघं. आक्का, आता तू लुगड्यावर गाडी उडवणार व्हय, म्हणाले." तिनं खणाची घडी सारखी केली. "सोडवलेलं सगळं पोत्यावर मांडलं हुतं. मी किक उचलली आणि खणात गुंडाळली. म्हटलं, लागंल तवा इचारतील."

"आणि?"

"न्हाई इचारलं."

मला तिचाही राग आला. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांना चोर म्हटलं, भिंत घातली, मी लहानपणी चुलत भावंडांशी लपून खेळले, आणि ही दोन्हीकडे जेवून जात होती. मी तसं बोललेही. तू सांगायचं होतंस, म्हटलं.

आत्ती चिडली नाही. "दोन-तीन भाऊबीजंला मी ती पिशवीत घालून आणली हुती. म्हटलं, आज एकानं जरी म्हटलं, आक्का, तू त्या दिशी हुतीस, बघितलीस का कुठं, तर काढून हातात देतो. खोटं बोलणार नव्हतो. तुझा अण्णा जेवताना महिपतीला शिव्या घालायचा, महिपती तुझ्या अण्णाला. किक माझ्या मांडीजवळ पिशवीत. गावातल्या शंभर जणांवर संशय घेतला त्यांनी. माझ्यावर एकदा घेतला असता तरी चाललं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं होतं ही भांडण मिटवून देईल, आणि मिटवायचं तर हिचंच होतं.

चहा झाला, मी उठले, तेव्हा तिनं तिचं म्हणणं सांगितलं. निरोप म्हणून सांगितलं, अट म्हणून नव्हे. "येत्या भाऊबीजंला दोघांनी हितं यायचं, एका वेळी. आणि ओवाळणीत मला गाडी घालायची. जोडून."

"आणि न्हाई आले तर?"

"तर किक हितं विळ्याशेजारी बरी हाय."

दसऱ्याला संध्याकाळी मी परसात गेले आणि भिंतीवर पान्ह्यानं ठोकत राहिले. इकडून अण्णा आले. तिकडून तात्यांचं डोकं वर आलं. दोघांनी एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी आधी म्हटलं, किक सापडली. दोघांचे चेहरे एकदम उजळले, प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्याकडेच सापडली. मग मी सगळं सांगितलं. हसण्याचं सांगितलं, खणाचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं.

मग तात्या मला म्हणाले, "मागितली हुती तिनं. आठवतंय मला." अण्णा मला म्हणाले, "मला बी." तात्या घरात गेले. मी अण्णांना विचारलं, जायचं ना. ते म्हणाले, बघू.

बघू हा शब्द आमच्या घरात नाही या अर्थानं वापरतात. दिवाळी जवळ आली तरी दोघांपैकी कुणी हो म्हणालं नाही. अण्णा चेसी पुसत राहिले, ब्रेकच्या तारा ओढून बघत राहिले, पुन्हा सोडून पुन्हा जोडत राहिले. भिंतीपलीकडून पान्ह्याचा आवाज यायचा आणि मी ग्राइंडर बंद करून ऐकायची. आई म्हणाली, तू भिंतीला कान लावून बसलीस तर ती पातळ होणार नाही.

भाऊबीजेच्या सकाळी अण्णांनी टेम्पो बोलावला. मी आणि ड्रायव्हरनं चेसी वर चढवून बांधली. अण्णा नवं धोतर नेसून पुढे बसले आणि म्हणाले, थांब जरा. ड्रायव्हरनं विचारलं कशासाठी. मी खाली उतरले, वर चढले, पुन्हा खाली उतरले. तात्यांचं दार बंद होतं. ड्रायव्हरला दुसरं भाडं होतं, तो घड्याळ बघायला लागला. अण्णांनी एकदा त्या दाराकडे बघितलं, मग समोर बघत म्हणाले, चल.

टेम्पो सुरू झाला आणि तात्यांचं दार उघडलं. तात्या आणि काकू, दोघांनी पोत्यात गुंडाळलेलं इंजिन झोळीसारखं धरलं होतं. तात्या घामाघूम झाले होते. ते टेम्पोजवळ आले, पुढे बसलेल्या अण्णांकडे बघितलं नाही, इंजिन मागे चढवलं, मग टाकी आणि सायलेन्सर चढवले, आणि इंजिनावर हात ठेवून मागेच बसले. मीही मागे बसले. घाटात टेम्पो हिसके द्यायला लागला तेव्हा अण्णांनी पुढच्या खिडकीतून मागे वळून बघितलं, चेसीकडे बघतोय असं दाखवत.

आत्तीच्या अंगणात गाडी जोडली. इंजिन बसवायला दोघे लागतात, एकानं उचलून धरायचं, एकानं बोल्ट घालायचा. ते दोघे वाकले आणि बोलले माझ्यामार्फत. "पदे, त्याला सांग, डावीकडनं जरा वर." "दादाला सांग, आधी पुढचा बोल्ट घाल." मी दोघांच्या मधे, दोन हातांच्या अंतरात, निरोप देत बसले होते. शेवटी माझं निरोप देऊन होईपर्यंत त्यांचे हात आधीच ते करून बसायला लागले. मी गप्प झाले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आत्तीनं सोप्यात दोन पाट मांडले होते, एकमेकांना चिकटून. रांगोळी काढली होती. दोघे बसले, गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि दोघेही समोर बघत होते. तिनं आधी अण्णांना ओवाळलं, मग तात्यांना. अण्णांनी ताटात गाडीची किल्ली टाकली. तात्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण टाकलं. मग आत्ती आत गेली आणि तो हिरवा खण घेऊन आली, तसाच गुंडाळलेला, कधी न शिवलेला. तो दोघांनी ओळखला. अण्णांनी तोंड फिरवलं. तात्या म्हणाले, "आक्का," आणि ताटातलं झाकण उगाच सारखं करत राहिले. आत्तीनं खण सोडला आणि किक काढून घेतली.

ती तिनं स्वतः बसवली. बोल्ट स्वतः आवळला. टाकीत मी तेल घातलेलं पेट्रोल ओतलं. आत्तीनं काष्टा घट्ट केला आणि पहिली किक मारली. काही नाही. दुसरी मारली. तात्या पुढे झाले, तिनं हातानंच त्यांना मागे सारलं. तिनं किक नुसत्या पायानं चाचपली, ती बाहेरची वाकण शोधत असावी, आणि तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून मारली. गाडी खोकली, धूर काढला, आणि लागली. अंगणभर निळा धूर पसरला. आत्तीचे मालक, म्हणजे आमचे मामा, गोठ्यातून बाहेर येऊन बघायला लागले.

तिनं गिअर टाकला. कुणाला विचारलं नाही, कुणाकडे बघितलं नाही. एकदा डळमळली, पाय टेकला, मग सरळ झाली आणि अंगणातून बाहेर, गावाच्या रस्त्याला, आणि उसाच्या कडेनं वळून दिसेनाशी झाली. आवाज येत राहिला, मग तोही लांब गेला.

दारात अण्णा आणि तात्या उभे होते. भिंतीच्या इकडचं आणि तिकडचं, वाटून घेतलेलं, सगळं आत्ती एकत्र घेऊन गेली होती. बघायला समोर रिकामा रस्ता होता. मी ओट्यावर बसले होते.

"ब्रेक बघितलेस न्हवं?" तात्या म्हणाले.

माझ्याकडे बघून नव्हे. अण्णांकडे.

"बघितले," अण्णा म्हणाले. "मागचा जरा कडक हाय. हळू लागंल."

"सांगायला पायजे हुतं तिला."

"ऐकली असती व्हय?"

तात्यांनी मान हलवली. मग दोघेही उंबऱ्यावर टेकले, शेजारी शेजारी, आणि गाडीचा आवाज परत येईपर्यंत तिथंच बसून राहिले.